सेंटिपॉइज आणि सेंटिस्टोक एकच नव्हेत

जळगाव-धुळ्याकडे सरकीच्या तेलाची घट्टता (व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध) मोजताना हमखास ऐकू येतं: सेंटिपॉइज म्हणा की सेंटिस्टोक, आकडा तोच. दोन्ही घट्टतेचीच एककं, पण सेंटिस्टोकचा आकडा म्हणजे सेंटिपॉइजचा आकडा भागिले घनता. म्हणून हे पाण्यापुरतं चालतं, कारण त्याची घनता जवळपास 1. तेल पाण्यापेक्षा हलकं. म्हणून सेंटिस्टोकला त्याच तापमानाच्या घनतेने (ग्रॅम प्रति घन सेंमी) गुणा, मग सेंटिपॉइज मिळतील. समजा 40 अंशांना 35 सेंटिस्टोक आणि घनता 0.90, तर उत्तर 31.5. सरळ 35 लिहिलेत, तर 11 टक्के जास्त. ग्लिसरीनची घनता 1.26, तिथे चूक उलटी पडते.

पुढचं सोपं: 1 सेंटिपॉइज म्हणजे 1 मिलिपास्कल-सेकंद (SI पद्धतीतलं घट्टतेचं एकक).

आणि तापमान लिहायला विसरू नका. मे महिन्यात उन्हात तापलेल्या टाकीतलं तेल बरंच पातळ होतं. त्याला 40 अंशांचा आकडा लावला, तर पंपाचा हिशोब चुकतो.