तुर्कस्तानातल्या कुर्दी गावात मुख्तार कसा निवडतात? पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रे

कुर्मांजी कुर्दीत गावाला ‘गुंद’ म्हणतात आणि गावच्या कारभाऱ्याला ‘मुख्तार’. मुख्तार म्हणजे तिथला सरपंच, असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण तो गावकऱ्यांनी निवडून दिलेला असतो आणि त्याच वेळी गावातला सरकारचा माणूसही असतो. त्याच्यावर देखरेख कायमकामची, म्हणजे सरकारने नेमलेल्या तालुका प्रशासकाची. या रचनेचा पाया 1924 चा ग्राम कायदा, क्रमांक 442.

आधी एक गोष्ट तपासावी लागते: गाव कायद्याने अजून ‘गाव’ आहे का? 2012 च्या 6360 क्रमांकाच्या कायद्याने महानगर प्रांतांमधली (म्हणजे जिथे अख्खा प्रांत एकाच महानगरपालिकेखाली आला तिथली) सगळी गावं 2014 च्या स्थानिक निवडणुकीपासून ‘मोहल्ले’ झाली. दियारबाकिर, वान, मार्दिन आणि शानलिउर्फा हे कुर्दीबहुल प्रांत त्यात आले. तिथे मुख्तार निवडला जातो, पण गावाची स्वतंत्र कायदेशीर ओळख गेली आणि मालमत्ताही हातची गेली. हक्कारी, शिरनाक, सिर्त, बित्लिस इथे गावं अजून गावंच आहेत.

पात्रतेच्या अटी थोड्या आहेत. तुर्की नागरिकत्व, 18 वर्षं पूर्ण, लिहिता-वाचता येणं, कायद्याने अपात्र ठरवणारी शिक्षा झालेली नसणं आणि त्या गावात किमान सहा महिन्यांचं वास्तव्य. लिहिता-वाचता येण्याची अट ऐकायला साधी आहे. पण दफ्तराचा सगळा कारभार तुर्कीत चालतो. आयुष्यभर फक्त कुर्दी बोललेल्या आजीबाईंसाठी हा दरवाजा जवळपास बंदच, आणि हे मला मनापासून खटकतं.

आता अर्जाचं. मुख्तारपदासाठी उमेदवारी अर्ज भरावाच लागत नाही. पक्षांना उमेदवार देता येत नाही, सरकार मतपत्रिका छापत नाही. इच्छुक स्वतःच्या नावाच्या चिठ्ठ्या स्वतः छापून घेतो, मतदार त्यातली एक लिफाफ्यात घालतो. ज्याला जास्त मतं, तो निवडून येतो आणि तालुका निवडणूक मंडळाकडून त्याला ‘मझबाता’, म्हणजे निवडीचं प्रमाणपत्र मिळतं. मुदत पाच वर्षांची. मागची निवडणूक 31 मार्च 2024 ला झाली.

मग खरं कागदपत्र कोणतं? पत्त्याची नोंद. सारं घोडं इथेच अडतं.

2000 सालापर्यंत जनगणना दारोदार व्हायची, त्या दिवशी लोकांना घराबाहेर पडायला बंदी असायची. 2007 पासून गावाची लोकसंख्या पत्त्यावर आधारित नोंदणीतून काढतात आणि दरवर्षी 31 डिसेंबरचा आकडा जाहीर होतो. मतदारयादीही याच नोंदीवरून तयार होते. भाषेची नोंद त्यात नाही. मातृभाषेचे आकडे शेवटचे प्रसिद्ध झाले ते 1965 च्या जनगणनेचे, त्यामुळे ‘कुर्दी गाव’ असा शिक्का सरकारी कागदावर कुठेच सापडत नाही.

पत्ता बदलला की 20 कामकाजाच्या दिवसांत तालुक्याच्या लोकसंख्या नोंदणी कार्यालयात कळवायचं. ओळखपत्र न्यायचं, सोबत राहत असल्याचा पुरावा म्हणून स्वतःच्या नावाचं वीज किंवा पाण्याचं बिल. घराला क्रमांकच नसेल तर आधी तो मिळवावा लागतो. नगरपालिकेच्या हद्दीबाहेर हे काम प्रांताच्या विशेष प्रशासनाचं असतं.

ज्यांचं गाव एकदा उठलं, त्यांना हे सगळ्यात जड जातं. 1990 च्या दशकात तुर्की सैन्य आणि पीकेके ही कुर्दी सशस्त्र संघटना यांच्यातल्या संघर्षात 905 गावं आणि 2,523 वाड्या रिकाम्या झाल्या, 3,78,335 माणसं विस्थापित झाली, असं संसदेच्या समितीने 1998 मध्ये नोंदवलं. परतणाऱ्या कुटुंबाचं जुनं घर पडलेलं, नव्याला क्रमांक नाही, आणि नोंद अजून शहरातल्या पत्त्यावर. उन्हाळाभर गावात राहून शेती केली तरी कागदावर तो माणूस गावाचा नाही. गावात त्याला मत नाही, आणि गावाच्या आकड्यातही तो धरला जात नाही.

मुख्तारासोबत ‘इहतियार’ म्हणजे ज्येष्ठांचं मंडळही निवडतात. हजारापर्यंत वस्ती असेल तर चार मुख्य सदस्य. गावचे शिक्षक आणि इमाम हे निवडणुकीशिवाय त्यात असतात.

निवडणुकीआधी मतदारयादी लोकांना पाहण्यासाठी लावतात. आपलं नाव गावच्या यादीत आहे का, हे तेव्हाच पाहून घ्यायचं. चूक असेल तर यादी लागलेली असतानाच हरकत नोंदवायची, कारण यादी पक्की झाल्यावर नाव घालता येत नाही.