रासेयोचं प्रमाणपत्र हातचं का जातं? नोंदणी, तासांची डायरी आणि निवासी शिबिर

दरवर्षी एप्रिल उजाडला की शेवटच्या वर्षाची पाच-सहा मुलं तरी रासेयोचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, महाविद्यालयातलं काम पाहणाऱ्या कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर रडवेल्या चेहऱ्याने उभी असतात. दोन वर्षं झाडं लावली, रक्तदान शिबिरात राबली, गणपतीत निर्माल्य गोळा केलं आणि प्रमाणपत्राच्या यादीत नावच नाही. आधी स्वयंसेवक म्हणून आणि आता मुलांचे कागद तपासून देताना मी हे बरीच वर्षं पाहतेय. कामात ही मुलं क्वचितच कमी पडतात. अडतं ते कागदावर आणि शिबिरातल्या मुक्कामावर.

राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झाली. प्रमाणपत्राची अट साधी आहे: सलग दोन वर्षं, दरवर्षी 120 तास, म्हणजे एकूण 240 तासांचं काम आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर. नोंदणी सत्राच्या सुरुवातीला होते. अर्ज, फोटो, प्रवेशाची पावती किंवा ओळखपत्र, आधार आणि पालकांची सही एवढं लागतं. आता केंद्र सरकारच्या ‘माय भारत’ पोर्टलवरही नाव नोंदवायला सांगतात. तिथे नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच लिहा. एनसीसीत असाल तर त्याच वेळी रासेयोत राहता येत नाही, दोन्हींपैकी एक निवडा.

अर्जातल्या ‘प्रवर्ग’ या रकान्याला मुलं बिचकतात. जातीचा दाखला अजून निघालेला नाही म्हणून नोंदणीच न केलेली मुलं मला भेटली आहेत. तो रकाना आकडेवारीसाठी असतो. रासेयोच्या नोंदणीसाठी जातीचा दाखला ही अट नाही. खिडकीवर कुणी तसं सांगितलं तर वाद घालू नका, थेट कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा.

‘दोन वर्षं’ या शब्दांचा अर्थही हमखास चुकतो. ती शैक्षणिक वर्षं असतात. तीन वर्षांच्या पदवीला शेवटच्या वर्षी नाव घातलंत तर त्या पदवीत दोन वर्षं पुरी होणारच नाहीत. एकाच वर्षात 240 तास भरून काढू म्हटलं तर तेही चालत नाही. शिबिराचे सात दिवस या 240 तासांत धरत नाहीत, ते वेगळे. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणानंतर बऱ्याच ठिकाणी रासेयो हा श्रेयांकाचा (क्रेडिटचा) विषय म्हणून घेता येतो. त्याचे श्रेयांक मिळाले म्हणजे 240 तासांचं प्रमाणपत्र मिळालं, असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे. ऑगस्टमध्येच विचारून घ्या की तुमचं नाव नेमकं कोणत्या यादीत आहे.

आता डायरी. सगळ्यात जास्त नावं तिच्यापायी गळतात. 120 तासांची विभागणी ठरलेली आहे: 20 तास उद्बोधनाचे, 30 महाविद्यालयाच्या आवारातल्या कामाचे आणि 70 वस्तीत किंवा दत्तक गावात (महाविद्यालयाने कामासाठी निवडलेल्या गावात) केलेल्या कामाचे. मुलं काम करतात आणि डायरी फेब्रुवारीत एका बैठकीत भरतात, सगळी एकाच पेनाने. तारखा हजेरीपटाशी जुळत नाहीत आणि तपासणीत तास कापले जातात. एका महाविद्यालयात तर अधिकाऱ्यांची बदली झाली आणि आधीच्या वर्षाच्या सह्या कुणी करायच्या, यावर चार महिने गेले. मुलांचा काय दोष होता त्यात? म्हणून सांगते, काम झालं त्याच आठवड्यात तारीख, जागा, तास आणि काय केलं ते लिहून सही घ्या. सही झालेल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

विशेष शिबिर बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत, दत्तक गावात असतं. ते निवासी असतं आणि ‘निवासी’ या शब्दाकडे नीट पाहा. सकाळी एसटीने येऊन संध्याकाळी घरी गेलात तर शिबिर पूर्ण धरत नाहीत. ‘पुढच्या वर्षी करू’ म्हणत दुसऱ्या वर्षावर टाकू नका. आजारपण, घरचं लग्न, परीक्षा, काहीही आडवं येतं आणि मग दुसरी संधी उरत नाही.

मुक्कामाची अट जाचक वाटते, पण ती काढून टाकावी असं मला कधीच वाटलं नाही. नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडच्या एका शिबिरात आमच्या गटात पावरा या आदिवासी समाजातली एक मुलगी होती. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. जेवायच्या पंगतीत टोकाला बसायची, बौद्धिक सत्रात वहीत मान घालून असायची. मुली तिला ‘ती मुकी’ म्हणायला लागल्या होत्या, मीही त्यात होते. तिसऱ्या दिवशी घरोघरी पाहणीसाठी पाड्यावर गेलो. आमच्या पुस्तकी मराठीला दारातल्या बायका नुसत्या हसत होत्या. ही पुढे झाली, पावरी बोलीत दोन वाक्यं बोलली आणि बाज बाहेर आली, पाणी आलं, घरात किती लेकरं आणि कोण शाळेत जातं हे सगळं बाहेर पडलं. त्या दिवशी आमचा गट तिच्यामागून चालला. रात्री चुलीपाशी आम्ही तिच्याकडून पावरी शब्द लिहून घेत होतो. संध्याकाळी घरी परतलो असतो तर तिला मी आयुष्यभर मुकीच समजले असते.

मुलींची नावं इथेच सगळ्यात जास्त गळतात, कारण पालकांच्या संमतीपत्रावर सही होत नाही. कोरा कागद वडिलांपुढे सरकवून ‘सही करा’ म्हटलं तर नकारच येणार. आधी माहिती मिळवा: मुलींची झोपायची सोय कुठल्या खोलीत आहे, स्वच्छतागृह किती अंतरावर आहे, मुक्कामी महिला प्राध्यापक कोण आहेत. मग त्या मॅडमना आईशी फोनवर बोलायला सांगा. ‘मॅडम स्वतः बोलल्या’ म्हटल्यावर झालेल्या सह्या मी पाहिल्या आहेत. स्वच्छतागृहाची नीट सोय नसेल तर तसं महाविद्यालयाला लेखी कळवा. तो मुलींचा हट्ट नव्हे.

दिव्यांग विद्यार्थ्यांना ‘तुला झेपणार नाही’ असं प्रेमाने सांगून घरी बसवतात. याचा मला मनापासून राग येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 16 नुसार शिक्षणसंस्थेने भेदभाव न करता शिक्षण द्यायचं असतं आणि गरजेनुसार सोयीही करायच्या असतात. श्रमदान म्हणजे फक्त फावडं नव्हे. पाहणीच्या नोंदी, ग्रामसभेचं टिपण, संध्याकाळचा अभ्यासवर्ग, ही सगळी तासांत धरायची कामं आहेत. अर्जासोबतच कोणती सोय लागेल ते लिहून द्या आणि पोच घ्या.

राष्ट्रीय एकात्मता शिबिरासाठी वेगळी निवड होते. सात दिवस, वेगवेगळ्या राज्यांतले सुमारे 200 स्वयंसेवक एकत्र. महाराष्ट्र आणि गोव्याचं काम रासेयोच्या पुण्याच्या प्रादेशिक संचालनालयाकडे आहे, पण तिथे परस्पर अर्ज पाठवून उपयोग नाही. नाव महाविद्यालयातून विद्यापीठाकडे आणि तिथून पुढे जातं. पत्र येतं तेव्हा हातात दोन-तीन दिवसच असतात. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पालकांचं संमतीपत्र आधीच तयार असलेली मुलं निवडली जातात, बाकीची दवाखान्याच्या रांगेत राहतात.

शेवटी प्रमाणपत्राची यादी. ती विद्यापीठाकडे जाण्याआधी डोळ्यांखालून घालाच. नावाचं इंग्रजी स्पेलिंग, वडिलांचं नाव आणि दोन्ही वर्षांचे तास पाहा. रासेयोसाठीचे वाढीव गुण हवे असतील तर तो प्रस्ताव निकालाआधी परीक्षा विभागात पोचावा लागतो, नियम आपापल्या विद्यापीठात विचारा. कार्यालयातून ‘नंतर या’ असं उत्तर आलं तर ‘कोणत्या तारखेला येऊ?’ एवढंच विचारा आणि ती तारीख डायरीच्या शेवटच्या पानावर त्यांच्यासमोरच लिहा.