अॅड्रिनल क्रायसिस

मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक गरजेच्या वेळी अपुरे पडले की ओढवणारी जीवघेणी अवस्था. ताप आला, हाड मोडले किंवा शस्त्रक्रिया झाली की निरोगी शरीर कॉर्टिसॉल आपोआप वाढवते. ज्यांच्या ग्रंथी निकामी आहेत त्यांना ही वाढ औषधातून द्यावी लागते.

थॉमस अॅडिसन यांनी १८५५ मध्ये या ग्रंथी निकामी होण्याच्या विकाराचे वर्णन केले, तेव्हा त्यांच्या अनेक रुग्णांच्या ग्रंथी क्षयाने पोखरलेल्या होत्या. भारतात क्षय हे कारण आजही विसरून चालत नाही. क्षयावरचे रिफाम्पिसिन कॉर्टिसॉलचा निचरा वेगाने करते, त्यामुळे ते सुरू करताना स्टेरॉइडचा, म्हणजे कॉर्टिसॉलची जागा घेणाऱ्या औषधाचा, डोस वाढवावा लागतो. दमा किंवा सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने घेतलेले स्टेरॉइड एकदम थांबवल्यानेही हे संकट येते, कारण तोवर शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी मंदावलेल्या असतात. ‘हमखास गुण’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. पुडी बंद केल्यावर माणूस का कोसळला, हे मग घरच्यांना उमगत नाही.

सुरुवात बहुधा साध्या गॅस्ट्रोसारखी होते: मळमळ, उलट्या, पोटदुखी, उठताना डोळ्यांपुढे अंधारी. मग रक्तदाब घसरतो, कधी साखरही उतरते, बोलणे असंबद्ध होते आणि ग्लानी येते. तळहाताच्या रेषा नि हिरड्या काळवंडणे, वजन घटणे, लोणचे-मीठ खावेसे वाटणे या खुणा ग्रंथीच निकामी असलेल्यांत बहुधा आधीपासून असतात, पण ‘उन्हाने रापला’ म्हणून त्या सोडून दिल्या जातात.

स्टेरॉइडची रोजची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, हा पहिला नियम. ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर गेला की रोजच्या हायड्रोकॉर्टिसोनचा (औषधरूपातल्या कॉर्टिसॉलचा) डोस साधारण दुप्पट आणि ३९ च्या वर तिप्पट करतात. नेमके प्रमाण डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. दात काढण्यापूर्वीही डॉक्टरांना आजाराची कल्पना द्यावी. निर्जळी उपवास धोक्याचा, आणि ग्रंथीच निकामी असतील तर अळणी उपवासही, कारण अशा शरीरातून मीठ लघवीवाटे निसटत असते.

खरी कसोटी उलटीच्या वेळी लागते. गोळी पोटात टिकत नाही, म्हणून हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन घरात हवेच. पांढऱ्या भुकटीच्या कुपीत निर्जंतुक पाणी सोडून ती विरघळेपर्यंत हलवायची आणि मांडीच्या बाहेरच्या स्नायूत सुई द्यायची. घरातल्या किमान दोघांना हे हाताने करता यायला हवे, कारण त्या क्षणी रुग्णाचे हात थरथरत असतात. आजार व औषध लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवावे.

दवाखान्यात रक्त तपासणीला घ्यावे, पण रिपोर्टसाठी इंजेक्शन व सलाईन अडवून ठेवू नये. वाट पाहण्यात गेलेला वेळ जिवावर बेततो. घरी इंजेक्शन दिल्यावर तरतरी आली तरी रुग्णालय गाठावेच लागते, कारण त्याचा अंमल काही तासांतच उतरतो.