लोणार सरोवर : गाळातील मान्सूननोंद

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर बेसाल्ट खडकातील आघात-विवरात, म्हणजे अवकाशातून आलेला पिंड आदळून झालेल्या खड्ड्यात आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किमी. असून पावसाचे व झऱ्यांचे पाणी आत येते, पण बाहेर पडायला त्याला वाट नाही. ते वाफ होऊनच जाते. त्यामुळे पाऊस घटला की पातळी उतरते, खारेपणा वाढतो आणि त्याची खूण तळाच्या गाळात राहते.

२००८ मध्ये भारतीय व जर्मन संशोधकांनी या तळातून सुमारे १० मी. लांबीचा गाळाचा गाभा (नळीने काढलेला उभा नमुना) काढला. त्यात गेल्या सुमारे ११,००० वर्षांची नोंद आहे. त्याच्या काही थरांत गेलुसाइटचे स्फटिक आढळतात. सोडियम व कॅल्शियम यांचे हे जलयुक्त कार्बोनेट पाणी आटून अतिशय खारट झाल्यावरच तयार होते, म्हणून असा थर हा उथळ सरोवराचा जवळजवळ प्रत्यक्ष पुरावा ठरतो. होलोसीनच्या, म्हणजे शेवटच्या हिमयुगानंतरच्या चालू भूवैज्ञानिक काळाच्या, आरंभी येथे मान्सून जोरदार होता. पुढे साधारण ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी, असे अवर्षणाचे दोन दीर्घ कालखंड येऊन गेले.

वनस्पतींचा माग काढणे अधिक अवघड आहे. परागकणांचे कवच टिकाऊ असल्याने आम्लांनी खनिजे विरघळवून ते वेगळे करता येतात. परंतु कीटकांमार्फत परागण होणारा साग गाळात फार थोडे पराग सोडतो, त्यामुळे सागवनाच्या शेजारच्या गाळातही साग विरळ दिसू शकतो. गवतांचे पराग तर एकमेकांसारखेच दिसतात. ही उणीव पानांवरील मेणाने काही अंशी भरून निघते. कार्बनचे अणू हलके व किंचित जड अशा दोन स्थिर प्रकारांत आढळतात. झाडे-झुडपे हलका कार्बन अधिक प्रमाणात घेतात, तर ज्वारी-बाजरीच्या गटातील उष्ण प्रदेशीय गवतांत जड कार्बनचे प्रमाण तुलनेने जास्त असते. हा फरक मेणाच्या रेणूंत हजारो वर्षे टिकतो. तरीही गवत वाढले ते पाऊस घटल्याने की माणसाने रान तोडल्याने, हे केवळ मेण सांगत नाही. म्हणून खनिजे, पराग आणि मेण एकत्र वाचावे लागतात. किरणोत्सारी कार्बनवरून केलेल्या कालमापनातही सावधगिरी हवी : पाण्यात विरघळलेला जुना कार्बन वय फुगवतो, म्हणून जमिनीवरून आलेले लाकूड किंवा पाने अधिक भरवशाची.

अशा नोंदींवरून इतिहासाची कारणे ठरवण्याची, उदाहरणार्थ अवर्षणानेच हडप्पा संस्कृती लयाला गेली असे म्हणण्याची, घाई करू नये, असे राजस्थानातील लूणकरणसर सरोवर दाखवते. ते सुमारे ५,५०० वर्षांपूर्वीच, म्हणजे हडप्पा संस्कृतीची नगरे भरभराटीला येण्याच्या बरेच आधी, आटले होते. वेरूळचे कैलास लेणेही आठव्या शतकात, लोणारच्या गाळातील दुसऱ्या कोरड्या कालखंडातच, खोदले गेले.