वस्तीतले खेळ-उपक्रम आणि ‘पहिला गोल मुलीचा’ : पार्श्वभूमी

मुंबईत नागपाड्याला अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेने 1920च्या दशकाच्या अखेरीस कामगारवस्तीसाठी सेवाकेंद्र उभारले. तिथल्या गल्ल्यांत बास्केटबॉल मुरला, त्यात या केंद्राचा मोठा वाटा आहे. तालमी आणि आखाडे त्याआधीचे, पण ते मुख्यतः मुलग्यांचे.

वस्तीतल्या मुलांसाठी आज दिसणारे खेळ-उपक्रम 1999 ते 2001च्या सुमारास सुरू झाले. मुंबईत रस्त्यावरच्या आणि झोपडपट्टीतल्या मुलांना सुटीच्या दिवशी बसने शहराबाहेर नेले जाई. नागपुरात 2001 साली एका क्रीडाशिक्षकाने ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू केला. सहलींनी सवय लागत नाही, म्हणून पुढे वस्तीतच ठरलेल्या वारी सत्रे घेण्याची पद्धत आली. सत्र घेणारे दादा आणि ताई त्याच वस्तीतले असतात. साधारण 25 मुलांमागे एक जण, आठवड्यातून दोनदा, दीड तास. सुरुवातीची दहा मिनिटे काचा, पत्रे आणि खिळे वेचण्यात जातात, कारण निम्मी मुले अनवाणी असतात. पिशवीत चार नंबरचे सहा चेंडू, मैदान आखायला वीस मार्कर, संघ ओळखायला अंगावर चढवायची दोन रंगांची बिब, पंप आणि पंपाच्या दोन जादा पिना. पिन कोरडी घातली तर वॉल्व्हमध्येच मोडू शकते, आणि सत्र चेंडूविना अडते.

खरा वाद पेटला तो मुलींना कसे खेळवायचे यावरून, आणि ‘पहिला गोल मुलीचा’ या नियमावरून. हा नियम आला कोलंबियातून. 1994च्या विश्वचषकात चेंडू स्वतःच्याच गोलात गेलेल्या कोलंबियाच्या बचावपटूची मायदेशी परतल्यावर मेदेयीन शहरात हत्या झाली. त्यानंतर तिथल्या वस्त्यांत फुटबॉलचा एक नवा प्रकार रुजला : पंच नाही, सामन्याआधी दोन्ही संघांनी मिळून नियम ठरवायचे, नंतर बसून एकमेकांच्या वागण्याला गुण द्यायचे, संघात मुली हव्यातच आणि पहिला गोल मुलीनेच करायचा. 2006मध्ये बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात जगभरचे वस्ती-संघ याच पद्धतीने खेळले, आणि हा प्रकार भारतातल्या संस्थांपर्यंतही पोहोचला.

कागदावर नियम सुंदर आहे. मैदानावर काय होते? मुलगे एका मुलीला गोलजवळ उभी करतात, चेंडू तिच्या पायाशी आणून देतात, गोल झाला की उरलेला सामना तिला पासच मिळत नाही. ती चुकली तर ओरडा तिलाच. दोन आठवड्यांत ती येईनाशी होते, आणि हजेरीपटावर कारण लिहिले जाते ‘घरकाम’. यावर टिकलेला तोडगा असा : पहिले तीन महिने मुलींचे सत्र वेगळे, ताईनेच घेतलेले, पाणी भरण्याची वेळ टाळून आणि अंधारापूर्वी संपणारे. त्या काळात ताईने घरोघरी जाऊन आयांशी बोलायचे. मग मिश्र सामने, आणि त्यात ‘पहिला गोल’ऐवजी एक मुलीचा, एक मुलाचा, असे आलटून पालटून मोजायचे. म्हणजे सामना संपेपर्यंत तिला पास द्यावाच लागतो. पहिल्याच दिवसापासून मिश्र खेळवा असा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे असते की वेगळे सत्र म्हणजे भेदाला मान्यता. तत्त्व म्हणून ते पटते, पण मैदान आधीच मुलग्यांच्या ताब्यात असते.

या आग्रहामागे पैशाचेही कारण आहे. 1 एप्रिल 2014पासून ठरावीक नफा, उलाढाल किंवा निव्वळ मालमत्ता असलेल्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याची जबाबदारी आली. निधी वाढला, तशी मुलांची संख्या आणि मुलींची टक्केवारी दर तिमाहीला मागितली जाऊ लागली. मिश्र गटात ही टक्केवारी पहिल्याच महिन्यात दाखवता येते. घरोघरी फिरण्याचे तीन महिने अहवालात रिकामे दिसतात. 25चा गट 40चा झाला की सहा चेंडूंत प्रत्येक चेंडूमागे जवळपास सात मुले येतात, आणि रांगेत मागे राहतात त्या बहुतेक मुलीच.

मैदानाचा प्रश्न तर वेगळाच. शिक्षण हक्क कायद्यात शाळेला क्रीडांगण हवे असे 2009पासून लिहिलेले आहे, पण शाळा सुटल्यावर फाटक उघडे ठेवायचे की नाही, ते अजूनही मुख्याध्यापकांच्या आणि शिपायाच्या मर्जीवर ठरते.