115 किलोंना ब्रेक कसा लागतो?

दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस अमेरिकेत इंडियानापोलिसला एनएफएलचं, म्हणजे तिथल्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगचं, ‘कम्बाइन’ भरतं. कॉलेजातून व्यावसायिक फुटबॉलमध्ये येऊ पाहणारी पोरं तिथे 40 यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर पळून दाखवतात, आणि त्या चार-साडेचार सेकंदांचे व्हिडिओ जगभर फिरतात. पळणारा ‘टाइट एंड’ या जागेवर खेळणारा असेल तर विचारूच नका. हा गडी कधी समोरच्या धटिंगणांना रेटतो, तर कधी त्यांच्यामागे धावत जाऊन पास झेलतो. त्यामुळे धिप्पाड आणि वर वेगवानही दिसला की लोकांनी निकाल देऊनच टाकलेला असतो.

2006 मध्ये टाइट एंड व्हर्नन डेव्हिसने 115 किलोंचं शरीर 4.38 सेकंदांत पळवलं. सरासरी वेग सेकंदाला 8.35 मीटर. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, सहाव्या क्रमांकावर उचललं. पहिल्या हंगामात त्याने झेल घेतले 20. टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्या टोकाला पोचवणं; त्यांची हंगामातली संख्या 13 वर गेली ती थेट चौथ्या हंगामात, 2009 मध्ये.

मधली वर्षं कशात जातात? ब्लॉकिंग, म्हणजे समोरच्याला रेटून अडवणं, शिकण्यात, पानंच्या पानं डावपेच पाठ करण्यात. पण मला सगळ्यात रस आहे तो थांबण्यात. 40 यार्डांच्या शर्यतीत रेषा ओलांडल्यावर घड्याळ बंद होतं, मग कितीही पुढे जाऊन थांबा. सामन्यात मात्र टाइट एंडला दहा-बारा यार्ड सुसाट जाऊन गचकन थांबायचं असतं आणि चेंडूकडे वळायचं असतं.

सेकंदाला 8 मीटर वेगाने पळणाऱ्या 115 किलोंच्या माणसात 3,680 जूल गतिज ऊर्जा असते. पास झेलणाऱ्या 85 किलोंच्या हलक्या रिसीव्हरमध्ये 2,720. स्नायूचं बल त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतं, वजन मात्र घनफळावर. दोघांची ठेवण तंतोतंत सारखी धरली तर किलोमागे बल वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात घटतं, म्हणजे मोठ्याचं सुमारे 10 टक्के कमी. लादलेल्या ट्रकला तुलनेने लहान ब्रेक बसवावेत तसं हे झालं.

ही ऊर्जा जिरवतात ते मुख्यतः मांडीचे पुढचे स्नायू, आणि तेही ताणले जात असताना. आखडणाऱ्या स्नायूपेक्षा ताणला जाणारा स्नायू जास्त बल सोसतो: स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनाचे हुक अ‍ॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्यांवरून ओढून काढले जातात आणि टायटिन नावाचं लांबलचक प्रथिन स्प्रिंगसारखं ताणलं जातं. पळताना वेग घेण्याची ताकद वेगळी, ही वेगळी. त्यात बराचसा ब्रेक शेवटच्या नव्हे, त्याच्या आधीच्या पावलातच लागतो. ते पाऊल जमलं नाही तर तीन-चार पावलं जास्त खर्ची पडतात, कंबर आधीच खाली बसते आणि समोरचा बचावपटू ओळखतो की गडी थांबणार.

कम्बाइनमध्ये 20 यार्डांची शटल, म्हणजे उलटसुलट वळत पळायची चाचणी, आहे, पण तिच्यात सलग 10 यार्डांपेक्षा जास्त पळायचंच नसतं. पूर्ण वेगातला ब्रेक तिथेही दिसत नाही. शिवाय नावाजलेली पोरं ती चाचणी बरेचदा टाळतात.

तरी ‘पिढीतून एकदाच जन्मणारा खेळाडू’ दर दोन-चार वर्षांनी सापडतोच. हे गणित मला अजून सुटलेलं नाही. काइल पिट्स 2021 मध्ये चौथ्या क्रमांकावर गेला, टाइट एंडसाठी आजवरचा सर्वांत वरचा. पहिल्या हंगामात 1,026 यार्ड, झकास; टचडाउन एक. पुढे टाइट एंड म्हणून गाजलेल्यांपैकी ट्रॅव्हिस केल्सी 63वा होता, जॉर्ज किटल 146वा. अँटोनियो गेट्स कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा, त्याला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. वेग कुचकामी आहे असं मुळीच नाही. किटल चांगलाच चपळ होता.

पुढच्या वेळी कुणी 40 यार्डांचा व्हिडिओ पाठवला तर त्याच पोराचा कॉलेजातला एखादा सामना काढा आणि तो वळायच्या क्षणाआधीची पावलं स्लो मोशनमध्ये मोजा. दोन-तीनमध्ये आटपत असेल तर बघत राहा. सहा-सात लागत असतील, तर 4.4 सेकंदांवर उड्या मारायची घाई नको.