गाठीतील विभाजनशील पेशींची मोजणी

स्तनाच्या कर्करोगाचा आयएचसी (ऊतीतील विशिष्ट प्रथिने रंगवून शोधण्याच्या) तपासणीचा अहवाल हाती पडला की सोलापुरातील रुग्णांचे नातेवाईक बहुधा एका ओळीपाशी अडखळतात : ‘केआय-६७ : ३५ टक्के’. रोग ३५ टक्के पसरला, असा अर्थ काढून घरातली माणसे हवालदिल होतात. तो अर्थ चुकीचा आहे. तपासलेल्या दर शंभर कर्कपेशींपैकी सुमारे ३५ पेशी विभाजनाच्या चक्रात होत्या, इतकेच हा आकडा सांगतो.

केआय-६७ हे पेशीच्या केंद्रकातील प्रथिन आहे. पेशी विभाजनाच्या चक्रात असेपर्यंत ते सापडते आणि ती विश्रांत अवस्थेत गेली की नाहीसे होते. ते ओळखून त्याला चिकटणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) १९८३ मध्ये जर्मनीतील योहान्नेस गेर्डेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणले; मात्र ते गोठवलेल्या ऊतींवरच चालत असे. जतनासाठी मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या ऊतींवर काम करणारे एमआयबी-१ हे प्रतिपिंड पुढच्या दशकात आले आणि मगच ही तपासणी सर्वदूर पोहोचली.

ठोकळ्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काचपट्टीवर घेतात आणि ऊती टिकवणाऱ्या फॉर्मेलिन या द्रावणामुळे झाकले गेलेले प्रथिन उघडे पडावे म्हणून तो विशिष्ट द्रावणात तापवतात. नंतर प्रतिपिंड सोडतात. ते जिथे चिकटते तिथे रासायनिक क्रियेने तपकिरी रंग उमटतो, तर उरलेली केंद्रके हिमॅटॉक्सिलिन या रंगद्रव्याने निळी होतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या केंद्रकांच्या गर्दीत तपकिरी केंद्रके उठून दिसतात. फिकट तपकिरी केंद्रकही धरायचे असते, पण गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइटचे (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीचे) केंद्रक तपकिरी असले तरी वगळायचे असते. त्यात गाठीचा एक भाग तपकिरी रंगाने भरलेला आणि शेजारचा जवळपास निळा, असेही आढळते. म्हणून किमान पाचशे कर्कपेशी मोजणे इष्ट असते, आणि ते काम डोळ्यांची कसोटी पाहणारे आहे.

माझ्या मते आकड्याचे भवितव्य प्रयोगशाळेच्या आधीच ठरते. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्यात काढलेली गाठ वैशाखातल्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात फॉर्मेलिनविना सोलापूरकडे निघाली, तर वाटेतच पेशी विघटित होऊ लागतात आणि आकडा खोटा कमी येऊ शकतो. गाठ काढताच तिच्या सुमारे दहापट फॉर्मेलिनमध्ये ठेवावी, मोठी असल्यास चिरून ठेवावी आणि ती त्यात ६ ते ७२ तास राहावी, हा नियम त्यासाठीच आहे.

संप्रेरक-संवेदी (संप्रेरकांमुळे वाढणाऱ्या), हर-२ निगेटिव्ह (हर-२ हे प्रथिन जास्त नसलेल्या) अशा सुरुवातीच्या स्तनकर्करोगात ५ टक्के किंवा त्याहून कमी आणि ३० टक्के किंवा त्याहून अधिक, हे दोन्ही आकडे बऱ्यापैकी विश्वासार्ह मानले जातात. मधल्या पट्ट्यात तज्ज्ञांच्या मोजणीतही तफावत पडते. पचनमार्गाच्या न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरके बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींची श्रेणी ठरवताना मात्र ३ आणि २० टक्के या सीमा धरतात. मोठा आकडा म्हणजे उपचार व्यर्थ, असेही नाही : बर्किट लिम्फोमा या वेगाने वाढणाऱ्या लिम्फोसाइटच्या कर्करोगात तो १०० टक्क्यांच्या जवळ असतो, तरीही तीव्र केमोथेरपीने त्यातील अनेक रुग्ण पूर्ण बरे होतात.